पारोसं अंग

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मथुराबाईंवर मी ओरडले ते वाचताना कुणाला धक्का बसायला नको. अकरा वर्षं मी आमच्या हॉस्पिटलात लहान बाळांच्या युनिटची इनचार्ज सिस्टर आहे. हॉस्पिटल हायवेला लागून आहे आणि आजूबाजूच्या तालुक्यांत कुठेही दिवस भरायच्या आधी मूल जन्मलं की ते आमच्याकडे येतं. मूठभर बाळं, त्यांच्या नळ्या, त्यांची यंत्रं, यांचा मला कधी वैताग येत नाही. वैताग येतो तो त्यांच्या माणसांचा. कुणी काचेवर टकटक करतं, कुणी बाळाच्या काचपेटीत ठेवायला अंगाऱ्याची पुडी आणतं, कुणी फोन वर धरून बाळाचे फोटो काढतं, तोही फ्लॅश मारून. नम्रता सिस्टर अंगावर येते, अशी माझी कीर्ती बांद्यापर्यंत पोचली आहे. माझं घर बांद्याला आहे.

मथुराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नळ धूत होत्या. नळाखाली भांडं नव्हे, नळच. हॉस्पिटलच्या मागे नातेवाइकांना राहायला एक शेड आहे, तिथल्या न्हाणीघराचा नळ नारळाच्या काथ्याने घासून त्यांनी असा लखलखीत केला होता की सफाईवाल्याला आपली नोकरी जाते की काय असं वाटलं. साठीच्या पुढची बाई, किडकिडीत, नऊवारी घट्ट नेसलेली, केसांचा ओला अंबाडा. अंबाडा ओला, कारण दिवसातून दोनदा न्हाण. घर तोंडवलीला, समुद्राच्या अंगाला. नवरा होडीवर जायचा, तो वारून बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा मितेश मालवाहू जहाजावर. घराच्या दोन खोल्या मथुराबाई पर्यटकांना देतात आणि त्यांच्या चादरी धुतात. तोंडवलीत म्हणतात, मथुराकाकीच्या चादरीवर झोपायला भीती वाटते, चुरगळली तर ती काय म्हणेल.

सून अक्षया मसुऱ्याची. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिला कळलं की या घरात आंघोळ केल्याशिवाय चुलीशी जायचं नाही, पाण्याच्या कळशीला हात लावायचा नाही, कुणाला काही वाढायचं नाही. पारोशी हा शब्द मथुराबाईंच्या तोंडी दिवसातून दहादा यायचा. पारोशी म्हणजे न न्हालेली, कालचं अंग घेऊन वावरणारी. अक्षया हसून सगळं करायची. सासू-सुनेचं वाईट नव्हतं, पण मायेने जवळ घेणं वगैरेही नव्हतं. मथुराबाई माणसांना हात लावत नसत. वस्तूंना लावत, धुवायला.

आंगणेवाडीच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात अक्षयाला तिसाव्या आठवड्यात झटके आले. रक्तदाब वाढलेला. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन केलं आणि साडेअकराशे ग्रॅमचा मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी तिची किडनी रुसली. आमच्याकडे किडनीचे डॉक्टर नाहीत, म्हणून तिला अँब्युलन्सने गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सोबत तिची आई राधाबाई. बाळाला हलवणं शक्य नव्हतं. म्हणजे अक्षया अर्धवट शुद्धीवर आली तेव्हा बाळ एका मजल्यावर आणि ती दुसऱ्या, आणि नीट शुद्धीवर आली तेव्हा बाळ एका राज्यात आणि ती दुसऱ्या. तिने आपलं मूल पाहिलंच नव्हतं. मितेश कुठल्या तरी समुद्रात, चार दिवसांतून एकदा फोन लागायचा. बाळापाशी राहिल्या त्या मथुराबाई.

आता थोडं माझ्या कामाविषयी सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी मला पुण्याला एका ट्रेनिंगला पाठवलं. त्याला फार मोठं नाव होतं, पण शिकवलं ते साधं होतं. दिवस न भरलेलं बाळ म्हणजे आकाराने लहान बाळ नव्हे. ते अजून पोटातच असायला हवं होतं. तेव्हा होईल तेवढं त्याला पोटातल्यासारखं ठेवा. उजेड कमी, आवाज कमी, चहूबाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून त्याला आवळून निजवा, दहादा हात लावण्यापेक्षा सगळी कामं एकदम उरका. आणि मुख्य म्हणजे हात लावायच्या आधी त्याच्याकडे बघा, कारण हजार ग्रॅमच्या जिवालाही आवडनिवड असते. मी परत आले ती पेट्यांवर गडद चादरी घालत, वॉर्डबॉयच्या मोबाइलवरची गाणी बंद करत. प्रत्येक पेटीला एक कार्ड लावलं, त्यावर त्या बाळाला काय चालतं आणि काय खपत नाही ते लिहायचं. डॉक्टर थट्टा करायचे, सिस्टरने हॉटेल काढलंय, गिऱ्हाइकांच्या आवडी लिहून ठेवते. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा माझी गिऱ्हाइकं शहाणी आहेत.

अक्षयाच्या बाळाच्या कार्डावर मी लिहिलं होतं: पाय मोकळे सोडलेले खपत नाहीत, टाचांना टेकण हवं. थोपटलेलं चालत नाही. एक हात डोक्यावर आणि एक ढुंगणाशी ठेवून स्थिर राहिलं की दोन मिनिटांत मुठी मिटतो.

मथुराबाईंना ते वाचून दाखवलं, पण त्यांना पटलं नाही. थोपटायचं नाही म्हणजे काय, लहान मूल आहे ना. पहिल्या दिवशी त्यांनी हळूच थोपटलं आणि बाळाने हाताची बोटं फाकवली, चेहरा वाकडा केला, यंत्र वाजायला लागलं. त्यानंतर मात्र त्यांनी पुन्हा तसं केलं नाही. हात ठेवायचा आणि हात विसरायचा, हे त्यांना माझ्या नव्या सिस्टरांपेक्षा लवकर जमलं. पेटीच्या भोकातून हात घालून त्या तास तास तशा उभ्या राहायच्या.

अकराव्या दिवशी बाळाचा श्वास स्थिरावला. आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवायची वेळ आली होती आणि आई शंभर किलोमीटरवर. मी मथुराबाईंना म्हटलं, तुम्ही घ्या. त्या दोन पावलं मागे सरल्या. मग म्हणाल्या, न्हावन येतंय. मी म्हटलं, काकी, तुम्ही तासापूर्वी न्हालात. त्या तरी गेल्याच, न्हाऊन आल्या, आणि खुर्चीत अशा ताठ बसल्या की जणू कुणी परीक्षा घेणार आहे. चोळीचे हूक सोडून मी बाळ छातीशी दिलं, वरून दुपटं बांधलं. सव्वा तास त्या पापणीही न हलवता बसल्या. बाळाचा गाल त्यांच्या गळ्याखालच्या हाडाशी. बाळ परत पेटीत ठेवल्यावर त्या उठल्या आणि पुन्हा न्हायला गेल्या. मला राग आला. वाटलं, नातवालाही घाण समजते ही बाई.

तिकडे गोव्यात अक्षया जरा सावरली होती आणि डॉक्टरांनी दूध काढायला परवानगी दिली होती. पहिल्या दिवशी चमचाभर, मग वाटीचा तळ भरेल इतकं. ते आणायचं कसं, तर तोंडवलीचाच लवू, मथुराबाईंच्या वाडीतला. तो रोज सकाळी मासळीचा टेम्पो घेऊन गोव्याला जातो आणि दुपारी रिकामा परततो. मी त्याला आमची लस न्यायची निळी पेटी दिली, ताज्या बर्फाची, आणि बजावलं की सुरमईच्या शेजारी ठेवलीस तर तुला कापून विकेन. लवू मथुराबाईंना दचकून असायचा, मला नव्हे. पेटी तो केबिनमध्ये स्वतःच्या बाजूला, देवाच्या फोटोखाली ठेवायचा.

आणि कापडं. अक्षयाच्या जुन्या मऊ गाऊनचे मी वीत-वीत तुकडे कापले. एक तुकडा अक्षयाने रात्रभर छातीशी ठेवायचा आणि सकाळी पाठवायचा, तो बाळाच्या गालाशी ठेवायचा, म्हणजे त्याला आईचा वास मिळेल. दुसरा तुकडा बाळाच्या अंगाखाली ठेवून तिकडे पाठवायचा, म्हणजे तिला बाळाचा. दूध येतं ते नुसतं पंपाने येत नाही, हे बाळंत झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. मी पिशवीत कापड घालून मथुराबाईंच्या हाती द्यायची, त्या लवूकडे. लवूने आणलेलं कापड त्याच्याकडून त्या घ्यायच्या, मला आणून द्यायच्या. साधी सोय होती.

तरी दूध वाढेना. बाळ कापडाशी रमेना. पाचव्या दिवशी लवू आला आणि त्याने निळी पेटी माझ्या टेबलावर ठेवली. आत फक्त बर्फाचं पाणी होतं.

मी राधाबाईंना फोन लावला. त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलल्या. अक्षयाने आदल्या दुपारपासून पंप हातात घेतला नव्हता, जेवली नव्हती, भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणते, बाळ नाही. तुम्ही सगळी मिळून माझ्याशी खोटं बोलताय. राधाबाईंनी तिला फोनवरचे व्हिडिओ दाखवले होते, पण टोपडं घातलेलं, नाकात नळी असलेलं, हाताएवढं बाळ कुणाचंही असू शकतं, आणि तिने आपलं पाहिलेलं कुठे होतं. ती म्हणाली होती, रोज बाळाचं म्हणून कापड येतं आणि त्याला साबणाचा वास येतो. जित्या पोराच्या कापडाला कधी साबणाचा वास येतो का.

हे तिचं वेड नव्हतं. आमच्याकडे बाळंतिणीला वाईट बातमी सांगत नाहीत. दूध आटेल, ताप भरेल, म्हणून महिना महिना लपवतात. हे सगळ्यांना माहीत असतं, बाळंतिणीलाही.

मी तडक मागच्या शेडकडे गेले. तिथे तारेवर, उन्हात, चिमटे लावून, दोन वीतभर तुकडे वाळत होते. एक इथून जायचा, एक तिथून आलेला. मथुराबाई बाजूला उभ्या राहून त्यांच्या सुरकुत्या हाताने सरळ करत होत्या. पाचही दिवस त्यांनी दोन्हीकडची कापडं धुतली होती. आईचा वास धुतला होता आणि बाळाचाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की, तुमच्या सोवळ्यापायी सून मरेल आणि नातूही मरेल, असं म्हणाले. शेडमधली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. मला वाटलं त्या उलट बोलतील, सोयर आहे, कळकट कापड बाळाला कसं घालू, असं काहीतरी. त्यांनी तारेवरचा एक ओला तुकडा काढला, नाकाला लावला, आणि तिथेच कट्ट्यावर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी मितेशच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात, घरीच, सकाळच्या वेळी. सुइणीने ती कापसात गुंडाळली. ती मांजराच्या पिलासारखी बारीक रडत होती. मथुराबाईंनी हात पुढे केले तर चुलतसासू म्हणाली, पारोशी आसस, आधी न्हा, मगे घे. विटाळशी आई आणि एवढासा जीव, असं त्यांचं म्हणणं. पावसाचे दिवस होते, नारळाची चुडतं ओली, चूल पेटेना, पाणी तापेना. एकवीस वर्षांची मथुरा न्हाणीत बसून धुरात डोळे चोळत पाणी तापायची वाट पाहत होती. न्हाऊन, लुगडं नेसून बाहेर आली तेव्हा पोर घरात नव्हती. मालवणला डॉक्टरकडे नेली, म्हणाले. मग म्हणाले, तिथून मिरजेला मोठ्या इस्पितळात ठेवली आहे. बरी आहे. वजन वाढतंय. दोन महिने हेच सांगत राहिले. छाती कापडाने बांधून टाकली होती, पण तिन्हीसांजेला ती माडाखाली जाऊन हाताने दूध पिळून टाकायची, मुलगी येईपर्यंत आटू नये म्हणून. मग एक दिवस विहिरीवर कुणीतरी सहज बोलून गेलं. मुलगी मालवणलासुद्धा पोचली नव्हती. वाटेतच गेली होती.

शेवटी म्हणाल्या, "तेव्हापासून मी धुवतंय गो बाय. माका वाटला, मी न्हालेली असतंय तर हातात दिल्यानी असती."

मघाशी बोललेलं परत घेता येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी त्यांच्या शेजारी बसले.

मी म्हटलं, उद्या सकाळी बाळाखालचं न धुतलेलं कापड लवूबरोबर पाठवू. त्यांनी मान हलवली. "कापडावर ती आता विश्वास ठेवूची नाय. मीव ठेवलंय नसतंय. माका जावक होया."

दरम्यान बाळाला डब्याचं दूध सुरू करावं लागलं होतं आणि त्याचं पोट फुगलं. डॉक्टरांनी दूध निम्म्यावर आणलं आणि आईचं दूध कधी येणार ते विचारलं. मी सांगितलं, उद्या. कशाच्या जोरावर सांगितलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. लवूचा टेम्पो बांद्याला चहाला थांबतो, तिथे मी त्यांना गाठायचं ठरलं.

पुढचं मला सकाळच्या सिस्टरने सांगितलं. मथुराबाईंनी उजाडायच्या आधीच बाळ मागून घेतलं आणि दोन तास छातीशी धरून बसल्या. त्याने जरा दूध ओकलं, ते त्यांनी पुसू दिलं नाही. बाळ पेटीत ठेवल्यावर त्या नेहमीसारख्या बादली घेऊन न्हाणीच्या दाराशी गेल्या. बादली हातात धरून पाचेक मिनिटं उभ्या राहिल्या. मग बादली पालथी घालून ठेवली, चोळीवरून एक कोरा टॉवेल आवळून बांधला आणि लवूच्या टेम्पोत जाऊन बसल्या.

बांद्याला मी चढले तेव्हा त्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. अंबाडा कोरडा होता. मी त्यांना कोरड्या अंबाड्यात कधी पाहिलं नव्हतं. लवूने त्या दिवशी देवाच्या फोटोला उदबत्ती लावली नव्हती. काकी वास नको म्हणाली, असं तो मला हळूच सांगत होता, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बिनउदबत्तीची गाडी काढली म्हणून जरा घाबरलाही होता. मागे बांगडा आणि सुरमई, पुढे आम्ही तिघं. सगळ्या वाटेत मथुराबाई दोन्ही हात टॉवेलवर ठेवून बसल्या होत्या, जणू आतलं कुणी जागं होईल.

वॉर्डात अक्षया कोपऱ्यातल्या कॉटवर, भिंतीकडे तोंड करून. राधाबाई आम्हाला पाहून उठल्या आणि रडायलाच लागल्या, म्हणजे आधीच संशय घेतलेल्या मुलीला आणखी काय हवं. मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तापट असण्याचे काही फायदे असतात.

मला वाटलं होतं मथुराबाई समजूत घालतील, शपथ घेतील, बाळाचं वजन सांगतील. त्या कॉटच्या कडेला बसल्या. सुनेच्या पाठीला त्यांनी हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, "अक्षया, मी न्हावक नाय."

अक्षयाने मान वळवली. तीन वर्षं ती या बाईच्या घरात राहिली होती. ताप असताना न्हालेली, अमावास्येला न्हालेली, सासऱ्यांच्या श्राद्धाला पहाटे थंड पाण्याने न्हालेली सासू तिने पाहिली होती. तिने सासूचा कोरडा अंबाडा पाहिला, कालचं चुरगळलेलं लुगडं पाहिलं, आणि ती कोपरावर उठून बसायला लागली. मथुराबाईंनी टॉवेल सोडला. चोळीचे वरचे दोन हूक काढले.

"सकाळी तो हयसर होतो. वास घे."

अक्षयाने आधी नाक नुसतं जवळ नेलं. मग कपाळच टेकलं. आमच्या युनिटमधल्या बाळांना एक वास असतो, तो मला झोपेतही ओळखता येईल. आंबूस दूध, नळी चिकटवायच्या पट्टीचा डिंक, आणि त्याखाली आणखी एक, ज्याला नाव नाही. तो कुठल्या पावडरीत मिळत नाही आणि कुणाला खोटा करता येत नाही. अक्षया श्वास ओढून ओढून घेत होती. मथुराबाईंचे हात जरा वेळ हवेतच राहिले. मग त्यांनी एक हात सुनेच्या डोक्यावर ठेवला, एक कमरेपाशी, आणि थोपटलं नाही. ठेवला आणि तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळाने अक्षयाने विचारलं, "रडता?"

"रडाक तेका बळ खंय. पण पाय मोकळे सोडले काय चिडता. टाचांखाली कायतरी आवळून लागता तेका. तुझ्यावरी."

अक्षया हसली, आणि मग रडली. मे महिन्यातसुद्धा चादर पायांशी आवळून घेतल्याशिवाय तिला झोप येत नाही, आणि त्यावरून मथुराबाई तिला रोज बोलत, असं तिनेच मला मागून सांगितलं. मेलेल्या पोराच्या सवयी कुणी रचून सांगत नाही, हे तिला तेव्हा पटलं असावं. मथुराबाई तिच्या केसांत तोंड घालून म्हणाल्या, "माका फटवल्यानी होती. मी तुका फटवूचंय नाय." कुणी कधी फसवलं होतं, ते अक्षयाला कळलं नाही. तिचा गाऊन पुढून भिजत चालला होता. मी पंप आणायला उठले.

परतताना निळ्या पेटीत पस्तीस मिली दूध होतं आणि पिशवीत अक्षयाचं न धुतलेलं कापड. पिशवीची गाठ मथुराबाईंनी स्वतः मारली होती. दुपारचं ऊन होतं, लवू शीळ घालत गाडी हाकत होता. बांदा जवळ आलं तसं त्यांनी मला विचारलं, "माझ्या चेडवाक कसलो वास असतलो गो?"

चेडू म्हणजे मुलगी, त्यांची ती कापसात गुंडाळलेली. असाच असेल, म्हणता आलं असतं. पण तिचा वास कधी घेतलाच नाही अशा बाईला दुसऱ्याच्या बाळाचा वास देऊन भागत नाही, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, माहीत नाही काकी. त्या म्हणाल्या, माका सपनात पण वास येना नाय, रडणां तेवढां आयकाक येता. मग बांद्याला मी उतरले. टेम्पो पुढे गेला आणि मी स्टँडवर बराच वेळ तशीच उभी राहिले. एक्केचाळीस वर्षांनी एखादी बाई असं विचारते, आणि तिला देण्यासारखं जगात काही नसतं, याचा मला संताप आला. कुणावर, ते कळेना.

बाळाचं पोट दोन दिवसांत उतरलं. त्यानंतर आठवड्याने, दुपारी चारच्या सुमाराला अक्षया आली. पाय सुजलेले, साडीवर प्रवासाची धूळ, राधाबाईंच्या खांद्यावर भार टाकून चालत. बाळ पेटीत जागं होतं. मी खुर्ची मांडली, चादर बाजूला केली. अक्षया दारातच थांबली. काचेतून तिने पहिल्यांदा आपला मुलगा पाहिला, आणि मग ओशाळून स्वतःच्या साडीकडे. घरचं वळण ते. ती सासूला म्हणाली, "आई, मी पारोशी आसंय. न्हावन येतंय, मगे घेतंय."

मथुराबाई पेटीपाशी उभ्या होत्या. त्या झटक्याने पुढे आल्या, सुनेचं मनगट धरलं आणि जवळजवळ ओढतच खुर्चीपाशी नेलं.

"न्हाणां मगे. आधी घे."

हात तेवढे साबणाने धुवायला मी लावले. इनचार्ज मी आहे, मथुराबाई नव्हेत. मग बाळ उचललं, टाचा दुपट्यात आवळल्या आणि त्याला त्याच्या आईच्या छातीवर ठेवलं. त्याने दोनदा तोंड घासलं आणि मुठी मिटल्या. कार्डावर दोन मिनिटं लिहिलं होतं, इथे तेवढीही लागली नाहीत.

मथुराबाईंनी ते पाहिलं. मग आपली बादली उचलून त्या मागच्या न्हाणीघराकडे गेल्या. थोड्या वेळाने मी त्यांना चहाला बोलवायला गेले. दाराला आतून कडी होती आणि नळाचा आवाज येत नव्हता. त्या आत रडत होत्या. मी दार वाजवलं नाही, कट्ट्यावर बसून राहिले. चहा निवून गेला.